सुरेश भट

सुरेश श्रीधर भट (जन्म : अमरावती, १५ एप्रिल १९३२, मृत्यू : नागपूर, १४ मार्च २००३) हे मराठीतील एक प्रमुख कवी व गझलकार होते. मराठी गझलेला स्वतंत्र काव्यप्रकार म्हणून प्रतिष्ठा मिळवून देणारा कवी, ही त्यांची सर्वपरिचित ओळख आहे. त्यांना आदराने 'गझलसम्राट' असे संबोधले जाते. मात्र स्वतः उत्तम गझल लिहिण्याबरोबरच ती इतरांना लिहिता यावी यासाठी त्यांनी केलेले काम तितकेच महत्त्वाचे आहे. 'गझलेची बाराखडी' ही त्यांची छोटी पुस्तिका, नवोदितांच्या रचनांवर त्यांनी टपालाने कळवलेल्या दुरुस्त्या आणि गावोगावच्या मैफली यांतून नोकरी-व्यवसाय सांभाळून लिहिणाऱ्या प्रौढ कवींची एक पिढी घडली. मराठीत काव्यलेखनाचे शिक्षण देणारी कोणतीही संस्थात्मक सोय नसताना हे घडले, ही बाब त्यांच्या चरित्रात विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

बालपण आणि शिक्षण

भट यांचा जन्म वऱ्हाडातील अमरावती येथे झाला. त्यांचे वडील श्रीधर भट हे व्यवसायाने डॉक्टर होते. आईला कवितेची आवड होती आणि घरात गाणे ऐकण्याचे वातावरण होते. सुरेश भट अडीच वर्षांचे असताना त्यांना पोलिओ झाला आणि त्यांचा उजवा पाय कायमचा अधू झाला. मैदानी खेळांपासून दूर राहावे लागलेल्या या मुलाला संगीताचा लळा लागला. लय आणि ठेका यांची जी जाण पुढे त्यांच्या वृत्तबद्ध रचनेत दिसते, तिचे मूळ या वयातील कानाच्या तयारीत आहे असे म्हणता येते. प्रौढ वयातही ते आपल्या रचना नुसत्या वाचत नसत. स्वरात, तरन्नुममध्ये सादर करीत.

त्यांचे सर्व शिक्षण अमरावतीतच झाले. बी. ए.च्या अंतिम परीक्षेत ते दोनदा अनुत्तीर्ण झाले आणि १९५५ साली पदवीधर झाले. पुढे ज्यांच्या हाताखाली अनेकांनी छंदशास्त्र गिरवले त्या कवीचा विद्यापीठाशी आलेला संबंध एवढाच आहे. छंद, लघु-गुरू आणि यमक यांचे त्यांचे ज्ञान मुख्यतः स्वतःच्या वाचनातून, ऐकण्यातून आणि लिहिलेले खोडून पुन्हा लिहिण्यातून आलेले होते.

त्यांच्या जडणघडणीत वऱ्हाडाचाही वाटा आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ या जिल्ह्यांचा हा प्रदेश दीर्घकाळ निजामाच्या ताब्यात होता आणि १८५३ साली तो इंग्रजांच्या कारभाराखाली आला. जुन्या कारभाराची भाषा फारसी असल्यामुळे फारसी-उर्दू शब्द येथील बोलीत आणि दप्तरांत मुरलेले होते. अमरावती, अकोला, खामगाव अशा शहरांत उर्दू भाषकांची मोठी वस्ती असल्याने मुशायरा ही या भागाला परकी गोष्ट नव्हती. दुसऱ्या बाजूला मराठी भावकविता गाण्याच्या अंगाने पसरविणारे कवीही येथे होते. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचे ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता गायक जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेतून महाराष्ट्रभर पोहोचली होती. उर्दू शेर कानावर पडणे आणि मराठी कविता गायली जाणे, या दोन्ही गोष्टी भट यांना घराजवळच मिळाल्या.

अध्यापन आणि पहिला संग्रह

पदवीनंतर भट यांनी अमरावतीच्या ग्रामीण भागात शिक्षकाची नोकरी केली. पुढे ते पत्रकारितेत आले आणि नागपुरात स्थायिक झाले. त्यांना आर्थिक स्थैर्य फारसे लाभले नाही. 'रूपगंधा' हा त्यांचा पहिला संग्रह १९६१ साली प्रसिद्ध झाला. त्यात गीते व भावकवितांचे प्रमाण अधिक आहे आणि गझलेची चाहूल काही रचनांतच लागते. संग्रहाकडे प्रारंभी फारसे लक्ष गेले नाही. संगीतकार हृदयनाथ मंगेशकर यांना जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याची प्रत मिळाली आणि तिच्यातील कवितांना त्यांनी चाली दिल्या, असे सांगितले जाते. या भेटीतून पुढे मराठी भावसंगीतातील एक महत्त्वाची जोडी तयार झाली.

दुसरा संग्रह 'रंग माझा वेगळा' यायला १९७४ उजाडले. त्याला पु. ल. देशपांडे यांची प्रस्तावना लाभली. पहिल्या आणि दुसऱ्या संग्रहांमध्ये तेरा वर्षांचे अंतर आहे. या काळात भट गीतकाराकडून गझलकाराकडे वळले आणि 'रंग माझा वेगळा'मध्ये त्यांची गझल पूर्ण आकाराला आलेली दिसते.

मराठीतील पूर्वपरंपरा

गझल हा प्रकार भट यांनी मराठीत प्रथम आणला असे नाही. अमृतराय आणि मोरोपंत यांच्या लेखनात त्याच्या खुणा सापडतात. आधुनिक काळात माधव ज्यूलियन (माधव त्रिंबक पटवर्धन) यांनी तो जाणीवपूर्वक हाताळला. ते फारसीचे प्राध्यापक होते. त्यांचा 'गज्जलांजली' हा संग्रह १९३३ साली आला आणि 'छंदोरचना' या ग्रंथात त्यांनी मराठीतील वृत्तांची शास्त्रशुद्ध मांडणी केली. मात्र त्यांच्या गज्जलेत बहुधा एकच भाव पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत चालत राहतो. बाह्य आकार गझलेचा आणि आतील घडण भावगीताची, असे तिचे रूप आहे. माधव ज्यूलियन यांच्यानंतर काही काळ हा प्रकार मागे पडला.

भट यांनी भर दिला तो शेरावर. दोन ओळींचा शेर ही स्वतंत्र, स्वयंपूर्ण कविता असते आणि गझल म्हणजे एकाच वृत्त-यमकाच्या दोरीत ओवलेल्या अशा कवितांची माळ असते, ही उर्दूतील मूळ कल्पना त्यांनी मराठीत रुजवली. त्यामुळे एका गझलेत प्रेमाचा शेर आणि राजकीय संतापाचा शेर शेजारी शेजारी येऊ शकतो. एकाच सलग भावाची गझलही असते. तिला मुसलसल गझल म्हणतात. परंतु तो अपवाद आहे, नियम नव्हे.

'गझलेची बाराखडी'

'रंग माझा वेगळा' आणि नंतरचा 'एल्गार' (१९८३) यांच्या लोकप्रियतेमुळे महाराष्ट्रभर अनेकांना गझल लिहावीशी वाटू लागली. उत्साह पुष्कळ होता, परंतु दोन-दोन ओळींचे तुकडे लिहून शेवटी यमक जुळवले की गझल झाली, असा समज पसरत होता. उर्दू-फारसी छंदशास्त्राचे ग्रंथ मराठी माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. 'छंदोरचना' विद्वानांसाठी होती, शिकाऱ्यासाठी नव्हती. ही अडचण ओळखून भट यांनी 'गझलेची बाराखडी' ही पुस्तिका लिहिली आणि ती होतकरू कवींपर्यंत पोहोचविली. शाळेत पहिल्या इयत्तेत शिकतात ती बाराखडी, असे नाव देण्यामागे त्यांचा रोख स्पष्ट होता. वय, पदवी किंवा प्रसिद्ध झालेल्या कवितांची संख्या काहीही असो, गझल शिकणाऱ्याने अक्षरओळखीपासून सुरुवात करावी.

पुस्तिकेची मांडणी व्यवहारी आहे. उर्दू संज्ञांना शक्य तेथे मराठी पर्याय देण्यात आले आहेत. काफियासाठी 'यमक' आणि रदीफसाठी 'अन्त्ययमक' हे शब्द त्यातूनच नवोदितांच्या तोंडी बसले. गझल लिहू पाहणाऱ्याला या संज्ञा नेमक्या कशा लागू होतात हे पुढील उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

गझलेचा पहिला शेर म्हणजे मतला. त्याच्या दोन्ही ओळींच्या शेवटी यमक व अन्त्ययमक यावे लागते. समजा, एका ओळीचा शेवट 'वाट होती' आणि दुसरीचा 'लाट होती' असा झाला. येथे 'होती' हे अन्त्ययमक असून ते पुढील प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत जसेच्या तसे येईल. त्याच्या आधीचे 'वाट', 'लाट' हे यमकाचे शब्द आहेत. त्यांच्या जागी 'पहाट', 'दाट', 'काठोकाठ' यांपैकी काय चालेल, हा पुढचा प्रश्न. 'पहाट' आणि 'दाट' चालतील. 'काठोकाठ' चालणार नाही, कारण त्यातील शेवटचे व्यंजन बदलले. 'भेट'ही चालणार नाही. त्यात 'ट' आहे, परंतु त्याआधीचा 'आ' हा स्वर राहिला नाही. यमकातील न बदलणाऱ्या अक्षराच्या आधी येणाऱ्या या स्वरचिन्हाला अलामत म्हणतात. मराठी कवितेत यमक साधताना हा स्वर सांभाळण्याची सवय सैल झालेली होती, त्यामुळे नवशिक्यांची सर्वाधिक अडचण अलामतीपाशीच होत असे. मतल्यात कवी जे ठरवतो ते त्याला शेवटपर्यंत पाळावे लागते. मतल्यातच अवघड यमक निवडले तर पाचव्या शेरापर्यंत शब्द संपतात. फार सैल निवडले तर गझलेची पकड जाते. अन्त्ययमक नसलेली गझलही असते, तिला गैरमुरद्दफ म्हणतात. वृत्त, यमक आणि अन्त्ययमक या तिन्ही गोष्टी मिळून गझलेची 'जमीन' तयार होते. एका जमिनीवर किमान पाच शेर असावेत, असा संकेत आहे.

वृत्ताची बाजू याहून किचकट. लघु अक्षराला 'ल' व गुरू अक्षराला 'गा' ही चिन्हे वापरून ओळ मोजण्याची पद्धत मराठी गझलकारांत आता सार्वत्रिक आहे. देवप्रिया वृत्ताची ओळ 'गालगागा गालगागा गालगागा गालगा' अशी चालते आणि तिच्यात २६ मात्रा असतात. आनंदकंद वृत्तात 'गागालगा लगागा' ही जोडी दोनदा येते. भुजंगप्रयात म्हणजे चार वेळा 'लगागा'. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक या वृत्तात असल्यामुळे ते मराठी माणसाच्या कानात लहानपणापासून बसलेले असते. उर्दूतील एक प्रचलित वृत्त नेमके याच मापाचे आहे. भट यांच्या गझला वाचताना वृत्त परके वाटत नाही याचे एक कारण येथे आहे. त्यांनी निवडलेली बरीच मापे मराठी कानाला आधीपासून ओळखीची होती.

अक्षर मोजताना मराठीचे स्वतःचे नियम लागू होतात आणि शिकणाऱ्याचा गोंधळ येथेही होतो. जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू होते, म्हणून 'पुस्तक'मधील 'पु' ऱ्हस्व असला तरी गुरू. पण 'तुझ्या'मधील 'तु' लघुच राहतो, कारण 'झ्या' उच्चारताना आधीच्या अक्षरावर आघात येत नाही. 'चांदण्याची' हा शब्दही त्यामुळे 'गालगागा'मध्ये चपखल बसतो. हे कागदावर पाहून कळत नाही, मोठ्याने म्हणून पाहावे लागते. उर्दूत दीर्घ स्वर गरजेप्रमाणे आखूड उच्चारण्याची मोकळीक आहे. मराठीत ती घेतली तर ओळ ओढाताण केल्यासारखी वाटते. म्हणून भट ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत काटेकोर होते. वृत्तासाठी शब्द मोडणे, किंवा ओळ भरण्यासाठी 'ही', 'च', 'तो' असे निरर्थक शब्द घालणे त्यांच्या दृष्टीने अपुरी मेहनत होती. त्यांच्या स्वतःच्या ओळीतील शब्दांचा क्रम बोलण्यातल्या वाक्यासारखा सरळ असतो. वृत्ताची इतकी कडक बंधने पाळूनही वाक्य गद्यासारखे सहज उतरावे, हीच त्यांच्या कारागिरीची खूण आहे. त्यांच्याकडे शिकणाऱ्यांकडूनही त्यांची हीच अपेक्षा असे.

टपालातून दुरुस्ती

उर्दू काव्यपरंपरेत उस्ताद आणि शागीर्द यांचे नाते प्रसिद्ध आहे. शागीर्दाने आपली रचना उस्तादाला दाखवायची, उस्तादाने तिच्यात दुरुस्ती करायची, या रिवाजाला 'इस्लाह' म्हणतात. त्यासाठी दोघे एका गावात असण्याची गरज नव्हती. मिर्झा गालिब आपले शिष्य हरगोपाल तफ्ता यांच्या रचना टपालाने तपासत. पुढे दाग देहलवी यांच्याकडे तरुण इक्बाल यांनी आपल्या कविता टपालानेच दुरुस्तीसाठी पाठवल्या होत्या. पाश्चात्त्य देशांत लेखनकला शिकवण्याचे काम विसाव्या शतकात विद्यापीठांनी हाती घेतले. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात त्यासाठी १९३६ साली कार्यशाळा सुरू झाली. मराठीत त्या काळी यांपैकी काहीच नव्हते. कवी होणे हा जन्मजात देणगीचा भाग, ते शिकवता येत नाही, हीच समजूत प्रबळ होती. कविमंडळे होती, परंतु तेथे वाचन आणि दाद असे, दुरुस्ती क्वचितच.

भट यांनी इस्लाहचा रिवाज मराठीत आणला. नवोदित कवी त्यांना पत्राने गझला पाठवीत. ते यमकाच्या चुका, वृत्तातील ढिलाई, सैल शब्द दाखवून उत्तर देत. काही वेळा पर्यायी ओळही सुचवीत. हे लिहिणारे बहुतेक प्रौढ होते. शिक्षक, कारकून, बँकेतील वा दूरध्वनी खात्यातील कर्मचारी, शेती करणारे असे हे लोक दिवसाचे काम संपल्यावर लिहायला बसत. पुण्या-मुंबईच्या मासिकांशी आणि प्रकाशकांशी त्यांचा संबंध जेमतेमच होता. बुलढाणा जिल्ह्यातील उंद्री किंवा यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात राहणाऱ्या माणसाला त्या काळी लेखनाबद्दल कोणाला विचारायचे झाले तर पोस्टकार्डाशिवाय साधन नव्हते. विदर्भाबाहेरच्या कवींनीही त्यांच्याकडून मार्गदर्शन घेतले, त्यामुळे मराठी गझल एका प्रदेशापुरती राहिली नाही.

दुरुस्ती करताना ते गोड बोलत नसत. चुकलेला शेर चुकलेला आहे असे ते सरळ सांगत. काही जण त्यामुळे दुरावले, तर ज्यांनी ती दुरुस्ती पचवली त्यांनी पुढे त्यांना आयुष्यभर गुरू मानले. अकोल्याचे श्रीकृष्ण राऊत, पुण्याचे प्रदीप निफाडकर अशा अनेकांची नावे या संदर्भात घेतली जातात. इलाही जमादार यांच्यासारख्या कवींनी स्वतःची वेगळी वाट काढली. परंतु त्यांच्या गझलेला जो तयार श्रोता मिळाला तो घडवण्यात भट यांचा वाटा होता, हे नाकारता येत नाही.

या शिकवण्याचा त्यांच्या स्वतःच्या लेखनावर काय परिणाम झाला, हा प्रश्न अभ्यासकांनी फारसा विचारलेला नाही. 'एल्गार'नंतर 'झंझावात' हा संग्रह १९९४ साली आला, म्हणजे मध्ये अकरा वर्षे गेली. इतरांच्या वह्या तपासण्यात गेलेला वेळ आणि कमी लिहिण्याची, पुन्हा पुन्हा घासण्याची मूळ सवय, या दोन्ही गोष्टी या अंतरामागे असू शकतात. दुसऱ्याच्या ओळीतली चूक ज्याला रोज दिसते, तो स्वतःची ओळ सहज सोडत नाही, एवढे मात्र त्यांच्या नंतरच्या गझलांच्या सफाईवरून दिसते.

मैफली आणि गायन

पुस्तिका आणि पत्रे यांच्याइतकेच भट यांचे जाहीर काव्यवाचन हेही शिक्षणाचे साधन ठरले. ते एक शेर स्वरात म्हणत, पहिली ओळ पुन्हा उचलत, श्रोत्यांना दुसऱ्या ओळीची वाट पाहायला लावत आणि मग यमकाचा शब्द सोडत. शेराची पहिली ओळ प्रश्न उभा करते व दुसरी त्याला अनपेक्षित वळण देते, हे व्याख्येने समजावणे कठीण. सभागृहात दाद कोणत्या क्षणी येते हे पाहणाऱ्याला ते एका संध्याकाळीत समजत असे. मराठी श्रोत्याला शेराशेराला दाद देण्याची सवय या मैफलींनीच लावली.

गझलगायनाच्या बाबतीतही त्यांची मते ठाम होती. चालीच्या हौसेपायी शब्द गिळले जाऊ नयेत, शेराचा अर्थ गायकाला आधी कळावा, असा त्यांचा आग्रह असे. यवतमाळ जिल्ह्यातील सुधाकर कदम आणि अमरावती जिल्ह्यातील भीमराव पांचाळे या गायकांनी त्यांच्या गझला मैफलीतून गाऊन मराठी गझलगायनाची स्वतंत्र शैली तयार केली. पांचाळे यांनी पुढे मराठी गझल संमेलनांचे आयोजनही केले.

आक्षेप आणि मतभेद

भट यांच्या शिकवण्यावर आक्षेपही घेतले गेले आणि ते सर्वस्वी निराधार नव्हते. नियमांवर एवढा भर दिल्यास शुद्ध पण निर्जीव रचनांचे पीक येते, ही मुख्य तक्रार होती. बाराखडी पाठ केलेला माणूस वृत्त आणि यमक बरोबर जुळवतो, पण त्याला सांगण्यासारखे काही नसेल तर काय, असे टीकाकार विचारीत. गझलेच्या वर्तुळात हा वाद 'तंत्र' आणि 'मंत्र' या शब्दांत आजही चालतो. गझलेचा आकार म्हणजे तंत्र. आणि शेराला शेरपण देणारी जी गोष्ट शिकवता येत नाही ती मंत्र, म्हणजे गझलियत. भट यांनी तंत्राचा आग्रह धरला तो ते पुरेसे आहे म्हणून नव्हे, तर त्याखेरीज सुरुवातच होत नाही म्हणून. तरीही त्यांच्या अनुयायांपैकी काहींनी तंत्रालाच गझल मानले आणि त्यांच्या भाषेची, प्रतिमांची, अगदी उपरोधाच्या सुराचीही नक्कल केली. विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या अनेक गझलसंग्रहांत हा दोष आढळतो.

दुसरा मतभेद मराठी कवितेच्या मुख्य प्रवाहाशी होता. मर्ढेकरांनंतरची नवकविता आणि लघुनियतकालिकांची पिढी मुक्तछंदाकडे वळली होती. तिच्या दृष्टीने वृत्तबद्ध, गेय आणि सभेत दाद घेणारी कविता मागची होती. दुसरीकडे विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर अशा मान्यवर कवींनीही गझल हाताळली, पण त्यांनी घेतलेल्या सवलती गझलेच्या कडक अभ्यासकांना मान्य झाल्या नाहीत. परिणामी भट लोकांमध्ये अफाट लोकप्रिय झाले, परंतु समीक्षेने त्यांची दखल बराच काळ बेतानेच घेतली.

गीते

भट यांच्या गीतांचा आणि गझलांचा फार मोठा श्रोतृवर्ग ध्वनिमुद्रिका व चित्रपटांनी तयार केला. हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीतात लता मंगेशकर व आशा भोसले यांनी त्यांच्या रचना गायल्या. जब्बार पटेल यांच्या 'सिंहासन' (१९७९) आणि 'उंबरठा' (१९८२) या चित्रपटांत त्यांच्या रचना आहेत. 'उंबरठा'तील गझल अनेकांनी ऐकलेली पहिली मराठी गझल ठरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना उद्देशून त्यांनी लिहिलेली वंदना आंबेडकरी समाजात समारंभांतून गायली जाते. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी बौद्ध धम्माचा स्वीकार केला. मराठी भाषेवरील त्यांच्या कवितेला कौशल इनामदार यांनी संगीत दिले आणि शेकडो गायकांच्या सहभागातून २०१० साली ती 'मराठी अभिमानगीत' म्हणून ध्वनिमुद्रित झाली. शाळांतून ती आता सर्रास गायली जाते.

अखेरची वर्षे आणि स्मृती

'सप्तरंग' हा त्यांच्या हयातीतील शेवटचा संग्रह २००२ साली प्रसिद्ध झाला. १४ मार्च २००३ रोजी नागपूर येथे त्यांचे निधन झाले. 'रसवंतीचा मुजरा' हा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर २००७ साली निघाला. नागपूरच्या रेशीमबाग भागात महानगरपालिकेने उभारलेल्या भव्य सभागृहाला 'कविवर्य सुरेश भट सभागृह' असे नाव देण्यात आले असून त्याचे उद्घाटन २०१७ साली झाले. १५ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस गझलप्रेमी संस्था 'मराठी गझल दिन' म्हणून साजरा करतात. त्यानिमित्त ठिकठिकाणी मुशायरे आणि नवोदितांसाठी गझललेखनाच्या कार्यशाळा होतात. या कार्यशाळांत फळ्यावर प्रथम लिहिले जाते ते बहुधा लघु-गुरूचे कोष्टक आणि 'गालगागा'ची ओळ. 'गझलेची बाराखडी'च्या छायाप्रती अजूनही हातोहात फिरतात.